न फिरणारी फिरती ढाल

अमृत गवारे यांच्या घरी टीव्हीच्या वर जी लाकडी ढाल टांगलेली होती, तिच्या पितळी पट्टीवर 'तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक' असं कोरलेलं होतं. अमृतनं आयुष्यात कधी वक्तृत्व केलं नव्हतं. चार माणसांत उभं राहून दोन शब्द बोलायची वेळ आली, तर तो खरोखर दोनच शब्द बोलून खाली बसायचा. ढाल त्याला बेसबॉलसाठी मिळाली होती, आणि बेसबॉलही तो कधी खेळला नव्हता. तरी सलग अकरा आठवडे ती त्याच्याच भिंतीवर होती. नावानं फिरती असलेली ती ढाल काही केल्या फिरायला तयार नव्हती.

हे कसं झालं ते समजायचं तर श्रीरामपूरच्या कॉलेजच्या मैदानावर सकाळी सहाला जायला हवं. तिथं आठ जणांचा एक ग्रुप फिरायला येतो. फिरतात दोन फेऱ्या, बसतात दीड तास. ग्रुपमध्ये मेडिकलवाला रामहरी आहे, एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर बजरंग आहे, कालव्याच्या एका शाखा कार्यालयात दप्तर कारकून असलेला आपला अमृत आहे, आणि सगळ्यांचे वडीलधारे गहिनीनाथ सर आहेत. सरांनी मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवली. नुसती कवायत नाही. सरांनी बेसबॉल शिकवला. क्रिकेटवर पोसलेल्या गावात तीस वर्षं बेसबॉल शिकवणं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. लोक विचारायचे, "सर, ह्यात ओव्हर किती असत्यात?" सर उत्तर द्यायला सुरुवात करायचे, आणि तेवढ्यात विचारणारा निघून गेलेला असायचा.

आधी हा ग्रुप मोबाईलवर क्रिकेटच्या काल्पनिक टीम लावायचा. त्यात एका कॅचवरून रामहरी आणि बजरंग यांचं बोलणं दोन महिने बंद पडलं. दोघं फेऱ्या मारायचे, पण एक उजवीकडून आणि एक डावीकडून, त्यामुळे प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर यायचे आणि दोनदा तोंड फिरवायचे. सरांनी ही संधी साधली.

"अमेरिकेत संध्याकाळ झाली की आपल्याकडं सकाळ असते," सर म्हणाले. "बेसबॉलच्या मॅचेस बरोबर आपल्या फिरायच्या वेळेला चालतात. जागरण नको, आणि बायकोकडं रिमोट मागायला नको."

रिमोटचा मुद्दा सर्वानुमते मान्य झाला. ॲप फुकटचं होतं, पैशाबियशाचा संबंध नव्हता. प्रत्येकानं तिकडच्या खऱ्या खेळाडूंमधून आपापली टीम निवडायची, ते खेळाडू तिकडं खरोखर जसे खेळतील तसे आपल्याला इकडं गुण, आणि आठवड्याला ज्याचे गुण सगळ्यात जास्त तो विजेता. विजेत्याला ढाल. ती सरांनी शाळेच्या अडगळीतून मागून आणली होती. वक्तृत्वाची निघाली त्याला सरांचा इलाज नव्हता.

नियमही सरांनीच लिहिले, सुवाच्य अक्षरात. एक, जो खेळाडू कुणाच्याच टीममध्ये नाही, त्याला घ्यायचा पहिला हक्क तळाच्या माणसाचा. दर सोमवारी संध्याकाळी आठपर्यंत तो त्यानं वापरावा, आठनंतर ज्याला हवं त्यानं घ्यावं. दोन, सलग बारा आठवडे जो जिंकेल, ढाल त्याची कायमची. हा दुसरा नियम लिहिताना सरांच्या डोळ्यांसमोर नेमकं कोण होतं, ते सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात सर आठवे आले.

त्याचं कारण साधं होतं. सरांना बेसबॉल फार येत होता. ते खेळाडू निवडायचे ते डोळे मिटून, आठवणीनं. त्यांचा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, सदतीस वर्षांचा होता आणि त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. "पण त्याची ॲक्शन बघा," सर म्हणायचे, "ॲक्शन!" ॲप ॲक्शनला गुण देत नव्हतं.

आणि पहिला आला अमृत. त्याला बेसबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. टीम लावायच्या आधी त्यानं सरांना एकच प्रश्न विचारला होता.

"सर, हा फेकणारा रोज फेकतो का?"

"छे! एकदा फेकला की चार दिवस हाताला आराम. प्रत्येक टीममध्ये असे पाच असतात, आलटून पालटून."

"म्हंजी बारी हाय," अमृत म्हणाला.

सव्वीस वर्षं तो कालव्याची पाणीपाळी लिहीत होता. कुठल्या चारीला, म्हणजे शेताकडं जाणाऱ्या छोट्या पाटाला, पाणी कधी सुटलं, कुणाची बारी झाली, कुणाची राहिली, कुणाची पुन्हा केव्हा येणार, हे त्याच्या डोक्यात झोपेतही चालू असायचं. आता अमेरिकेतल्या सगळ्या टीम त्याला पाच-पाच चाऱ्यांसारख्या दिसू लागल्या. ज्याची बारी मंगळवारी, त्याची रविवारी परत. म्हणजे एकाच आठवड्यात दोनदा गुण. बाकीचे सात जण लांब लांब फटके मारणाऱ्या पैलवानांच्या मागं लागले होते. अमृत गुपचूप दोन बारीवाले फेकणारे गोळा करत बसला.

त्यासाठी त्यानं ऑफिसातली एक जुनी कोरी आवर्तन नोंदवही, म्हणजे पाणी सोडायच्या फेऱ्यांची वही, काढली. तिचे रकाने छापलेलेच होते: लाभधारकाचे नाव, चारी, मागील पाळी, पुढील पाळी, शेरा. अमृतनं नावाखाली लिहिलं 'हेंड्रिकसन', चारीखाली त्याच्या टीमचं शहर, आणि शेऱ्यात 'खांदा दुखतो, पुढची पाळी धरू नये'. आणखी एकाच्या शेऱ्यात 'डावखुरा'. तिसऱ्याच्या शेऱ्यात 'नुकतंच लग्न झालंय, भरवसा नाही'. अक्षर असं की वहीकडं बघून कुणालाही वाटावं, शासन चाललंय ते या वहीवरच.

चौथ्या आठवड्यापर्यंत ग्रुप हसत होता. सातव्या आठवड्यात हसणं थांबलं. नवव्या आठवड्यात अमृतच्या घरी माणसं यायला लागली.

लोकांना एवढंच कळलं होतं की गवाऱ्यांना आधीच समजतं. काय समजतं, याच्याशी कुणाला कर्तव्य नव्हतं. देवळाली प्रवऱ्याचा एक ऊसवाला बागायतदार ओळखीनं आला आणि लागणीला कुठलं बेणं घेऊ म्हणून विचारू लागला. अमृतला नाही म्हणता येत नसे. तो म्हणाला, "निरोगी घ्या." बागायतदारानं हे वाक्य फार गंभीरपणे ऐकलं आणि जाताना पाया पडला. शेजारच्या रंगुबाईंनी नातीनं सायन्स घ्यावं की कॉमर्स हे विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ढालीला लिंबू-मिरची बांधून दिली. "यश दिसलं की लोकांची नजर लागती," त्या म्हणाल्या. खरं तर ढालीवर सगळ्यात जास्त नजर त्यांचीच होती, त्यांना ती पाट म्हणून आवडली होती.

"तुम्हाला एवढं सगळं आधी कळतंय," अमृतची बायको सविता म्हणाली, "तर आपला गॅस कधी संपणार तेवढं सांगा." तो त्याच दुपारी संपला. वरणाला उकळी यायची बाकी होती.

ग्रुपमध्ये मात्र संशयाचं वारं शिरलं. रामहरी आणि बजरंग हे दोघं आता पुन्हा बोलत होते, कारण दोघांना मिळून अमृतविषयी बोलायचं होतं. सरांनी त्या दोघांची चौकशी समिती नेमली. समितीनं अमृतला मैदानावरच्या सिमेंटच्या बाकावर मध्ये बसवलं आणि स्वतः दोन्ही बाजूंना बसली.

"तुझा साडू दुबईला हाय ना?" रामहरीनं सुरुवात केली.

"हाय. पण दुबई अमेरिकेत न्हाई."

"इमान तर तिकूनच जातं," बजरंग म्हणाला. कंडक्टरकी संपली तरी मार्ग त्याच्या डोक्यात पक्के होते. "खरं सांग अमृत, कोन सांगतं तुला?"

"कुनी न्हाई. मी आपलं अंदाजानं लावतो."

"अकरा आठवडे अंदाज?"

अमृत वाकून बुटाची नाडी बांधू लागला. सांगणं काही अवघड नव्हतं. दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण सव्वीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी त्याला 'कधी करणार' एवढंच विचारलं होतं. 'कसं केलं' असं विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. आता रोज सकाळी सात माणसं तेच विचारत होती. एकदा सांगितलं की विचारणं संपणार. अमृतला ते संपायला नको होतं, आणि त्याची त्याला थोडी लाजही वाटत होती.

समितीनं 'पुराव्याअभावी संशय कायम' असा अहवाल दिला. सर तो ऐकता ऐकता मैदानाकडं बघत होते. याच मैदानावर त्यांनी चुन्यानं बेसबॉलचा चौकोन आखला होता. आता तिथं बुलेट शिकायला पोरं यायची.

"गवारे," सर म्हणाले, "बारावा आठवडाही तुम्ही जिंकलात तर ढाल तुमची. नियम माझाच आहे. पण मग ही लीग बंद. ज्या खेळाला मी तीस वर्षं दिली, त्यात मी आठात आठवा. रोज सकाळी कशाला हे मोजत बसायचं? मी एकटा फिरत जाईन."

"सर, तुमी तळाला हाय ना," बजरंग म्हणाला, "मग पहिली निवड तुमची. कधी घेतली का? एवढी चांगली माणसं मोकळी असत्यात!"

"तळाचा म्हणून मिळतंय ते मला नको. माझ्यावर दया नको."

दया सरांना नको होती, म्हणून दर सोमवारी आठपर्यंत ती निवड तशीच पडून राहायची. आणि दर सोमवारी आठ वाजून एक मिनिटानं अमृत ती उचलायचा. अकरा आठवड्यांच्या यशातला एक मोठा वाटा असा होता. अमृतला सरांचं वाईट वाटत होतं. त्याला ढालही हवी होती. त्याच्या बारावीनं त्याला एकदा पूर्वी दगा दिला होता, ही दुसरी बारावी तरी पहिल्या फटक्यात निघावी असं त्याला मनापासून वाटत होतं. आणि या सोमवारी मोकळा होता एमिलियो बारांका, दुखापतीतून परतलेला, मंगळवार आणि रविवार अशा दोन बाऱ्यांसकट.

त्या सोमवारी उन्हाळ्याच्या शेवटच्या आवर्तनाचा कार्यक्रम उपविभागाला पाठवायचा होता. अमृतनं पत्र लिहिलं, 'सोबत आवर्तन कार्यक्रम मंजुरीसाठी सादर', वहीला टाचलं, सही घेतली आणि शिपायाला गाडीवर बसवून दिलं. मग दुपारचा डबा उघडता उघडता बारांकाचा शेरा एकदा बघावा म्हणून त्यानं खणातली वही काढली. आत पहिलं नाव होतं 'भागूबाई रामभाऊ, चारी क्रमांक तीन, पुढील पाळी बुधवार'.

अमृतनं डबा परत बंद केला.

उपविभाग वीस किलोमीटरवर. देवळाली प्रवऱ्याच्या अलीकडं स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाला जेवायला गेला होता, आणि तो येईपर्यंत तिथं बसलेल्या तिघांनी अमृतला ट्यूबलेस टायरचे फायदे समजावून सांगितले. उपविभागात पोचायला त्याला तीन वाजले. आवक टेबलावर मालनबाई होत्या. त्यांच्यासमोर त्याची वही उघडी पडलेली होती.

"तेवढी वही परत द्या," अमृत म्हणाला. "चुकून आलीय."

"चुकून आलेल्यालाबी नंबर पडतो," मालनबाई म्हणाल्या. "पडला. चार हजार दोनशे सतरा. आता परत न्यायची तर शाखेचं पत्र आना."

"शाखेचं पत्र मीच लिहितो, बाई. आत्ता लिहू का?"

"लिवा. जावक नंबर टाका."

"जावक रजिस्टर तिकडं शाखेत हाय."

"मग तिकडं जावा." मालनबाईंनी वहीत बोट घातलं. "एक इचारू का? हे बारांका कुठले वो? आमच्या माहेराकडं बोराटे हायत, बनकर हायत, पर बारांका न्हाई ऐकले. आन् एकाचाबी सातबारा जोडलेला न्हाई."

"बाहेरगावचे हायत."

"बाहेरगावच्यांना पानी? मग हे मॅडमकडंच जाऊ द्या."

मॅडम म्हणजे नव्या इंजिनियर पूजा मॅडम. वयानं तिशीच्या आत, पण कालव्यावर चालत जातात आणि गेट स्वतः फिरवून बघतात अशी त्यांची ख्याती होती. त्या दिवशीही त्या कालव्यावरून परतल्या तेव्हा सहा वाजले होते. त्यांनी वही घेतली. अमृतला खुर्ची दाखवली. तो बसला नाही. मॅडम एकेक ओळ बोट ठेवून वाचत होत्या, आणि अमृत मनात खोटं बोलायची तयारी करत होता. त्याला चार कारणं सुचली. त्यातलं परदेशी अभ्यास पथकाचं बरंच चांगलं होतं.

"गवारे," मॅडम म्हणाल्या, "हेंड्रिकसन यांचा खांदा दुखतो म्हणून त्यांची पाळी धरू नये, असं लिहिलंय. पाण्याचा आणि खांद्याचा काय संबंध?"

अमृतनं तोंड उघडलं आणि परदेशी अभ्यास पथकाच्या ऐवजी सगळं खरं बाहेर पडलं. मैदान, आठ जण, ढाल, लिंबू-मिरची, दुबईचा साडू. एवढं सलग तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर तो खुर्चीवर बसला, कारण आता बसलं काय आणि उभं राहिलं काय, सारखंच होतं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. करंगळी वाकडी होती, सांध्यातून बाहेर वळलेली.

"डावखुरा वाचलं तेव्हाच वाटलं," त्या म्हणाल्या. "मी कॅचर होते, गवारे. पिचरनं फेकलेला झेलायला मागं बसतो तो. हे बोट राज्यस्तरावर मोडलं. गहिनीनाथ सरांची टीम. खेळाडूंच्या राखीव जागेतून ही नोकरी लागली, ती त्या सर्टिफिकेटवर. आम्हा सहा जणींच्या घरी सर जाऊन बसायचे, वडील हो म्हणेपर्यंत उठायचे नाहीत. माझ्या घरी चार वेळा आले. कसे आहेत सर?"

"तळाला हायत," अमृत म्हणाला.

मग त्याला पहिल्या निवडीचा नियमही सांगावा लागला, आणि आठ वाजून एक मिनिटही सांगावं लागलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"गवारे, कालव्याला पाणी सुटलं की आपण आधी कुणाला देतो?"

"टेलला," अमृत म्हणाला. हे कुणीही झोपेत सांगितलं असतं. कालव्याच्या तोंडाशी असलेल्यांचं भागतंच, म्हणून पाणी आधी शेवटच्या टोकाला, टेलला पोचवायचं आणि तिथून वर यायचं. टेल टू हेड.

"मग टेलचा शेतकरी मानी निघाला आणि बारीला आलाच नाही, तर काय करता? पाणी वरच्याला वळवता?"

"न्हाई मॅडम. पाटकऱ्याला त्याच्या घरी धाडतो. पाटकरी नसला तर मी जातो. त्यात कसला मान? त्याचं पानी हाय ते." बोलता बोलता अमृत थांबला. आपण काय बोललो ते त्याच्या जरा उशिरा लक्षात आलं.

मॅडमनी हिरव्या शाईचं पेन घेतलं आणि वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं: 'सदर कार्यक्रम टेल टू हेड या तत्त्वास अनुसरून नाही. दुरुस्ती करून अनुपालन सादर करावे.' खाली सही, तारीख आणि शिक्का.

"घ्या," त्या म्हणाल्या. "परत नेताय असं समजू नका. त्रुटी काढून परत पाठवलंय. आणि खरा कार्यक्रम उद्या सकाळी माझ्या टेबलावर पाहिजे."

अमृत श्रीरामपुरात पोचला तेव्हा साडेसात वाजून गेले होते. घराच्या वळणावर स्कूटर क्षणभर थांबली. घरी जाऊन, चहा पिऊन, आठ वाजून एक मिनिटाची वाट बघणं अगदी सोपं होतं. ढाल कायमची झाली असती. अमृतनं उगाच एकदा हॉर्न वाजवला आणि स्कूटर सरांच्या घराकडं वळवली.

सर ओट्यावर बसून एका जुन्या चामड्याच्या ग्लोव्हला खोबरेल लावत होते. अमृतनं वही त्यांच्या मांडीवर ठेवली. सरांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. सर कुठलीही गोष्ट मधूनच वाचत नसत. आत काकूंनी चहा टाकला. पावणेआठ झाले.

"हे असं लावता तुम्ही?" सर म्हणाले. "बारी बघून?"

"व्हय सर. दुसरं काय येत न्हाई मला."

सरांनी वही मिटली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पोरींना तीस वर्षं मी हेच सांगितलं. हाताला आराम द्या. आलटून पालटून फेका. आणि स्वतःची टीम लावताना मी म्हातारा ॲक्शन बघत बसलो!"

"सर, बारांका मोकळा हाय. दोन बाऱ्या हायत. पहिला हक्क तुमचा. आठला धा मिनटं कमी हायत."

सरांचा चेहरा लगेच आवळला. "गवारे, मी सांगितलंय. दया—"

"दया कसली, सर? शेवटचं पान बघा. हिरव्या शाईचा शेरा हाय. अनुपालन न्हाई केलं तर माझ्यावर ताशेरे येतील. सर्व्हिसबुक खराब व्हईल माझं."

सरांनी शेवटचं पान काढलं. शेरा वाचला, दोनदा वाचला. मग सहीवर बोट ठेवलं.

"पूजा," ते म्हणाले. "ही ती, करंगळी मोडलेली?"

"तीच. कालव्यावर चालत फिरतात. गेट स्वतः फिरवतात."

"रडली नव्हती," सर म्हणाले. "बोट असं लोंबत होतं, तरी पुढचा चेंडू पकडला. म्हणाली, सर, मॅच संपू द्या." त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला धोतराच्या सोग्यासारखं काहीतरी शोधू लागले. सर ट्रॅकपँट घालत. शेवटी अमृतनं आपला रुमाल दिला.

आठला चार मिनिटं असताना सरांनी मोबाईल काढला. मोबाईल म्हणाला, पासवर्ड टाका. सरांनी बायकोचं नाव टाकलं, ते चुकलं. शाळेचं नाव टाकलं, तेही चुकलं. "अहो, त्या पिचरचं टाकून बघा, गुडघेवाल्याचं," काकू आतून म्हणाल्या. ते बरोबर निघालं. खोबरेलाचं बोट स्क्रीनवरून घसरत होतं, एकदा तर सरांनी बारांकाऐवजी भलत्याच माणसाला घेतलं असतं. आठला अर्धं मिनिट असताना बारांका सरांच्या टीममध्ये दाखल झाला. गुडघेवाला बाहेर गेला. सरांनी त्याच्या नावाकडं एकदा बघून हात जोडले.

पुढचा आठवडा अमृत हरण्यासाठी खेळला नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. त्यानं होतं नव्हतं ते सगळं लावलं. सोमवारी सकाळी मैदानावर आठही जण सिमेंटच्या बाकाभोवती जमले तेव्हा अमृत अकरा गुणांनी पुढं होता आणि अमेरिकेतली रविवारची शेवटची मॅच चालू होती. फेकत होता बारांका.

"एक गेला!" बजरंग मोबाईल बघून थांबा आल्यासारखा ओरडत होता. "दुसरा गेला! सर, सहा गुन ऱ्हायले! तिसरा... थांबा, थांबा, नेट गेलं!"

नेट दीड मिनिट गेलं. त्या दीड मिनिटात रामहरी दोन देवांना नवस बोलला, कुणासाठी ते त्यानं सांगितलं नाही. नेट आलं तेव्हा बारांका मैदानातून चालत बाहेर येत होता, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ॲपवर गहिनीनाथ सर तीन गुणांनी पहिले होते.

सगळे अमृतकडं बघू लागले. अमृतला खरोखर वाईट वाटलं. बारावी दुसऱ्यांदाही गेलीच, हेही आठवलं. मग त्यानं सरांकडं पाहिलं. सर मोबाईल दोन्ही हातांत धरून उभे होते आणि कुणीतरी काहीतरी विचारावं म्हणून वाट बघत होते. काय विचारायचं ते त्या मैदानावर फक्त अमृतला माहीत होतं.

"सर," तो म्हणाला, "कसं केलं?"

सरांनी घसा साफ केला आणि सांगायला सुरुवात केली. बारांकाच्या खांद्यापासून सुरुवात करून ते आराम, बारी, चुन्याचा चौकोन आणि सहा मुलींच्या वडिलांपर्यंत आले. अर्धा तास बोलले. या वेळी कुणीही मधून उठून गेलं नाही. बजरंगनं तर शेवटी विचारलं, "सर, एक ग्लोव्ह मला घालून बघता येईल का?" वक्तृत्वाची ती ढाल एकदाची योग्य माणसाकडं चालली होती.

लीग बंद करायचा विषय कुणी काढला नाही.

घरी सवितानं ढाल उतरवून दिली आणि त्या खिळ्याला गॅसच्या तारखा लिहिलेलं कॅलेंडर टांगलं. रंगुबाई लिंबू-मिरची परत मागून घेऊन गेल्या. महिनाभरानं उपविभागाचं स्मरणपत्र आलं. विषय: आवक क्रमांक ४२१७, त्रुटीची पूर्तता अद्याप अप्राप्त. मालनबाईंच्या रजिस्टरात हेंड्रिकसन, बारांका आणि मंडळी अजून मंजुरीची वाट बघत होती.

अमृतनं कोरा कागद घेतला. पेन दोनदा झटकलं. संदर्भ टाकला, तारीख टाकली, आणि सव्वीस वर्षांत आलं नव्हतं इतकं सुंदर अक्षर काढून अनुपालन अहवाल लिहिला. तो एका ओळीचा होता.

'टेलला पाणी पोचले.'